संडासातला जेट: बेळगाव भागातल्या पाण्यावर कुठला सेट घ्यावा

बेळगाव असो, निपाणी, चिकोडी की खानापूर, हार्डवेअरच्या दुकानात ‘जेट दाखवा’ म्हटलं की काउंटरवर दोन-तीन डबे येतात. डब्यावर हेल्थ फॉसेट लिहिलेलं असतं, बोलताना सगळे जेट म्हणतात आणि प्लंबर नुसतं गन म्हणतो. गिऱ्हाईक ती गन हातात घेऊन दोनदा दाबून बघतं, चकाकी बघतं आणि पैसे देतं. चूक होते ती इथेच. सेटमध्ये सगळ्यात कमी महत्त्वाची वस्तू म्हणजे गन. घरभर पाणी होतं ते नळी फुटल्यामुळे, टाकी रिकामी होते ती अँगल कॉक (भिंतीतून जेटला पाणी देणारी चावी) उघडा राहिल्यामुळे, आणि दुखणं येतं ते वापरण्याच्या पद्धतीमुळे. म्हणून या तिन्ही गोष्टी बघूनच हे परीक्षण लिहिलं आहे.

बाजारात प्रकार मुख्यतः दोन. स्वस्तातला म्हणजे एबीएस प्लास्टिकची गन, एक मीटर पीव्हीसी नळी आणि भिंतीला लावायचा हुक. साधारण ३०० ते ५०० रुपयांत. महागातला म्हणजे पितळी गन आणि स्टीलच्या वेष्टणाची नळी. हजाराच्या आसपास सुरू होतो आणि वर कुठवरही जातो. मधल्या भावात जो मिळतो त्यातच फसगत जास्त. दिसायला धातूचा, आतून मात्र झिंकची मिश्रधातू, वर क्रोमचा मुलामा. दुकानात एक लहान लोहचुंबक घेऊन जा. नटाला किंवा गनला चिकटला तर ते लोखंड, दोन पावसाळ्यांत गंजणार. नाही चिकटला म्हणून पितळच आहे असं मात्र समजू नका, कारण झिंकलाही चुंबक चिकटत नाही. नट उलटा करून आतले आटे बघा. पिवळे दिसले तर पितळ, करडे-पांढरट दिसले तर झिंक. दुकानदाराला याचा राग येत नाही. जाणकार गिऱ्हाईक आहे एवढं त्याला कळतं.

मधल्या भावाचा झिंकचा सेट घेण्यापेक्षा आमच्या मते चांगली एबीएसची गन घ्यावी आणि वाचलेले पैसे नळीवर घालावेत. एबीएस गंजत नाही, हलकी असते, म्हाताऱ्या माणसाला दाबायला सोपी जाते. फरशीवर पडली तर मान तुटते एवढाच तिचा दोष.

आता नळी. जेटमध्ये पाणी अडतं ते गनच्या तोंडाशी, म्हणजे वापर झाल्यावरही मागची सगळी नळी पाण्याच्या दाबाखाली फुगलेली राहते. दिवसातून दहा मिनिटं वापर आणि बाकी सगळा वेळ नुसता ताण. पीव्हीसीची नळी हा ताण वर्ष-दीड वर्ष सोसते, मग नटाच्या तोंडाशी फुगवटा येतो आणि एक दिवस तिथेच फाटते. स्टीलच्या वेष्टणाची नळी बाहेरून भक्कम दिसते, पण पाणी धरून ठेवते ती आतली रबराची नळी. स्टील तिला फक्त फुगू देत नाही. वेष्टणाची वीण एका ठिकाणी जरी उसवली तरी आतलं रबर तिथून फुग्यासारखं बाहेर येतं. त्यामुळे नळी घेताना ती बोटांवरून हळूच फिरवा. तुटलेली तार बोटाला टोचते. नळीवर किंवा डब्यावर ‘एसएस ३०४’ (सहज न गंजणाऱ्या स्टीलचा एक प्रकार) लिहिलेलं बघा. लांबी एक मीटरची सर्रास मिळते, पण भारतीय पद्धतीच्या भांड्याला आणि लहान मुलं असलेल्या घराला सव्वा मीटर बरी. दीड मीटर नको. ती जमिनीवर लोळते.

फुटलेल्या नळीतून मिनिटाला ८ लिटर पाणी गेलं असं धरलं तर १००० लिटरची टाकी दोन तासांत जवळजवळ रिकामी होते. ज्या गल्लीत नळाला चार-पाच दिवसांनी पाणी सोडतात, तिथे याचा अर्थ काय होतो हे कुणाला सांगायला नको. बेळगाव शहरातल्या काही प्रभागांना २००८ पासून चोवीस तास पाणी आहे. तिथे तर रात्री नळी फुटली तर सकाळपर्यंत पाणी थांबतच नाही. यावर उपाय फुकटचा आहे. वापर झाला की गन नव्हे, भिंतीतला अँगल कॉक बंद करायचा आणि मग गन एकदा दाबून नळीतला उरलेला दाब सोडून द्यायचा. असं केलं तर साधी पीव्हीसीची नळीसुद्धा कितीतरी जास्त टिकते. म्हणूनच सेट घेताना अँगल कॉकवर कंजुषी करू नये. पाव फेऱ्यात उघडझाप होणारा, सिरॅमिक स्पिंडलचा घ्या. चार-पाच फेरे फिरवावा लागणारा जुना कॉक घरात कुणीच रोज बंद करत नाही, हा अनुभव घरोघरचा आहे. बेसिनच्या किंवा फ्लशच्या कॉकमधूनच जेट काढायचा असेल तर टू वे कॉक मिळतो, पण तो दोन्ही बाजूंना वेगवेगळी चावी असलेलाच घ्या. एकच चावी असेल तर जेट बंद करताना फ्लशची टाकीही बंद होते.

दाबाचा हिशेब दुकानात कुणी सांगत नाही. पाण्याची टाकी जेटपेक्षा १० मीटर उंच असेल तर साधारण एक बार दाब मिळतो. आपल्याकडच्या बैठ्या घरात टाकी स्लॅबवर ठेवलेली असते. जेटपासून टाकीच्या तळापर्यंत अंतर जेमतेम अडीच-तीन मीटर, म्हणजे दाब पाव बारच्या आसपास. अशा घरात बारीक भोकांची महागडी गन बसवली तर पाणी नुसतं ठिबकल्यासारखं येतं आणि लोक गनला नावं ठेवतात. इथे मोठ्या भोकांची, कमी भोकांची गन चालते. उलट तीन-चार मजली अपार्टमेंटच्या खालच्या मजल्यावर, किंवा प्रेशर पंप बसवलेल्या घरात, तीच गन इतक्या जोरात मारते की नाजूक जागेला इजा होते. तिथे अँगल कॉक अर्धाच उघडायचा. आपला दाब किती आहे ते मोजायला एक लिटरचं माप पुरे. गन पूर्ण दाबून माप किती सेकंदांत भरतं बघा. १२ ते १५ सेकंद लागत असतील तर दाब छान. पाच-सहा सेकंदांत भरत असेल तर कॉक कमी करा.

यानंतरची गोष्ट सगळ्यात गंभीर आहे, आणि पाणी रोज न येणाऱ्या गावांना तर जास्तच लागू. पुष्कळ घरांत संडासाचं कनेक्शन थेट नळाच्या लाइनवरून दिलेलं असतं, टाकीवरून नव्हे. पाणी बंद झालं की त्या लाइनमध्ये पोकळी तयार होते आणि ती पाणी मागे ओढून घेते. त्या वेळी अँगल कॉक उघडा असेल, गनचं बटण अडकलेलं असेल किंवा गन गळत असेल, आणि तिचं तोंड बादलीत किंवा भांड्याच्या कडेवर पडलेलं असेल, तर तिथलं पाणी उलट लाइनमध्ये शिरू शकतं. दुसऱ्या दिवशी पाणी आलं की तेच स्वयंपाकघरातल्या चावीला. कावीळ, हगवण, टायफॉइड यांना घरात यायला एवढी वाट पुरेशी आहे. राकसकोप जलाशयाचं असो की हिडकल धरणाचं, पाणी शुद्ध करून सोडलं तरी आपल्याच भिंतीच्या आत ते असं बिघडतं. म्हणून जेट नेहमी गच्चीवरच्या टाकीच्या लाइनवर घ्या. तसं करणं शक्यच नसेल तर अँगल कॉकच्या आधी अर्धा इंची पितळी एनआरव्ही बसवून घ्या. पाणी एकाच दिशेनं जाऊ देणारा तो साधा व्हॉल्व्ह आहे आणि प्लंबरला तो लावायला फार वेळ लागत नाही. आणि गनचं तोंड कधीही बादलीत सोडून ठेवू नका, बादली भरायलासुद्धा.

पाण्याचा प्रकारही बघावा लागतो. खानापूरकडचं पाणी हलकं, तिथे गन वर्षानुवर्षं बुजत नाही. पण बोअरचं पाणी जड असेल, म्हणजे तूरडाळ शिजायला वेळ लागतो, साबणाला फेस येत नाही आणि चावीच्या तोंडाशी पांढरं पापुद्र्यासारखं साचतं, तर गनची भोकं काही महिन्यांत बुजू लागतात. मग पाणी वाकडंतिकडं फवारतं आणि पायांवर, कपड्यांवर उडतं. तोंडाला रबराची बोंडं असलेली गन अशा पाण्याला उत्तम. अंगठ्यानं चोळलं की क्षार सुटतो. साधी गन असेल तर कोमट पाण्याच्या पेल्यात दोन चमचे लिंबूसत्त्व विरघळवून तिचं तोंड अर्धा तास बुडवून ठेवा आणि जुन्या टूथब्रशनं घासा. सुई घालून भोकं मोठी करू नका, धार कायमची बिघडते. संडास धुण्याचं ॲसिड गनला लावू नका, क्रोम काळं पडतं. आणि ते ॲसिड ब्लीचिंग पावडरबरोबर कधीच एकत्र होऊ देऊ नका. क्लोरीनचा विषारी वायू सुटतो आणि बंद संडासात तो जीवघेणा ठरू शकतो.

बसवताना जागा चुकली तर चांगला सेटही वाया जातो. प्लंबर सोयीसाठी मागच्या भिंतीला जेट लावतो, मग माणसाला बसल्या जागी पाठ पिळवटून तो काढावा लागतो. बसल्यावर उजव्या हाताच्या भिंतीला, कोपराच्या थोडं पुढे, ही योग्य जागा. उजवा हात गन धरतो, डावा धुतो. कमोडला हुक जमिनीपासून साधारण दोन ते सव्वादोन फुटांवर, भारतीय भांड्याला त्याहून थोडा खाली, पण नळी जमिनीला टेकणार नाही इतका वर. टेफ्लॉन टेप फक्त अँगल कॉकच्या भिंतीकडच्या आट्यांवर गुंडाळायची, आटे ज्या दिशेनं फिरतात त्याच दिशेनं, दहा-बारा वेढे. नळीच्या नटांना टेप लागत नाही, तिथे आतला रबरी वॉशर पाणी अडवतो. टेप लावून नट आवळला की तो वॉशरवर नीट बसत नाही आणि गळतो. नट हातानं घट्ट करा, मग पान्यानं फार तर पाव फेरा; एबीएसचा नट त्यापुढे तडकतो. सगळं जोडून झालं की कॉक उघडा, गन बंद ठेवा आणि प्रत्येक जोडाला कोरडा वर्तमानपत्राचा कागद गुंडाळून दहा मिनिटं थांबा. कागद ओला झाला तर वॉशर सरकलाय.

आता वापर. आधी गन भांड्यात एक-दोन सेकंद दाबून बघा. एप्रिल-मेमध्ये दुपारी स्लॅबवरच्या पाइपमधलं पाणी चटका बसेल इतकं तापलेलं असतं, आणि थंडीत पहाटे ते बर्फासारखं असतं. गन अंगापासून साधारण एक वीत लांब धरायची. धार पुढून मागे गेली पाहिजे, मागून पुढे नाही. बायका-मुलींसाठी हा नियम सगळ्यात मोठा आहे: मागून धार मारली की विष्ठेतले जंतू पुढे लघवीच्या जागेकडे ढकलले जातात आणि लघवीला जळजळ, वारंवार जाणं, ताप हे सुरू होतं. म्हणून गन पाठीमागून न घालता पुढून, दोन मांड्यांच्या मधून, धार मागच्या बाजूला जाईल अशी धरावी. धार आतल्या भागात मारायची नाही, बाहेरूनच धुवायचं. नुसत्या धारेवर विसंबून राहू नये, डाव्या हाताच्या बोटांनी हलकं चोळावं. दहा-पंधरा सेकंद पुरतात. तिथे साबण नको. रोजच्या साबणानं त्या जागेची त्वचा कोरडी पडते, खाज सुटते, आणि माणूस आणखी साबण लावतो.

पाणी लागलं की झालं, असं नाही. ओलं तसंच कपडे चढवले की घामाच्या दिवसांत जांघेत खाज आणि नायटा येतो. टिश्यू किंवा मऊ सुती फडकं घेऊन टिपायचं, घासायचं नाही. फडकं प्रत्येकाचं वेगळं असावं आणि रोज धुऊन उन्हात वाळवावं. मूळव्याध किंवा चीर पडलेली असेल, बाळंतपणाचे टाके असतील, तर जेट बाजूला ठेवा. कोमट पाणी मगानं हळूहळू ओतणं तिथे केव्हाही चांगलं. तीन-चार वर्षांच्या पोरांनाही जेट देऊ नये. दाबाचा अंदाज येत नाही, आणि गन फेकून दिली की मान तुटते.

ज्या घरात अजून टमरेल आणि बादलीच आहे त्यांनी जेट नाही म्हणून वाईट वाटून घेऊ नये. टमरेलानं तेवढंच स्वच्छ होतं. बिघडतं ते बादलीचं पाणी: टमरेल फरशीवर ठेवायचं आणि तेच बादलीत बुडवायचं, किंवा धुतलेला डावा हात बादलीत घालायचा. टमरेलाला लांब दांडा हवा, ते बादलीच्या कडेला टांगलेलं हवं आणि नेहमी उजव्या हातातच हवं. बादली भांड्यापासून निदान दोन हात दूर आणि वर झाकण. आठवड्यातून एकदा बादली-टमरेल १० लिटर पाण्यात एक चमचा ब्लीचिंग पावडर घालून त्यात अर्धा तास बुडवावं आणि मग साध्या पाण्यानं धुवावं. जेटच्या गनची मूठसुद्धा आठवड्यातून एकदा साबणानं घासावी; तिच्यावर शिंतोडे उडतातच.

कमोडच्या आत बसवलेली, एकाच जागी फवारणारी नळी जुन्या घरांत दिसते. ती आम्ही सुचवणार नाही. तिचं तोंड भांड्यातल्या घाणीच्या पट्ट्यातच असतं आणि धार मागूनच येते.

जेटच्या डब्यात साबण येत नाही, पण या परीक्षणात तो सेटचाच भाग आहे. जेटमुळे हात कमी घाण होतो हे खरं, स्वच्छ होतो हे खोटं. क्रम असा ठेवा: अंग धुऊन झालं की डावा हात भांड्यावरच गनखाली धुवा, उजव्या हातानं गन हुकला लावा, कॉक बंद करा, कमोड असेल तर झाकण पाडून फ्लश करा. मग कडीला हात लावण्याआधी साबण. साबण आणि पाणी संडासाच्या आत किंवा दाराला लागून असावं. स्वयंपाकघरातल्या सिंकपर्यंत जावं लागत असेल तर वाटेत कडी, दाराची मूठ, दिव्याचं बटण आणि पुढे सिंकची चावी एवढ्या सगळ्याला हात लागतो. साबणानं निदान २० सेकंद चोळायचं: तळवे, हातांची मागची बाजू, बोटांच्या बेचक्या, दोन्ही अंगठे, नखं तळव्यावर घासून. अंगठा आणि नखं हमखास राहून जातात. नखं वाढलेली असतील तर २० सेकंदही पुरत नाहीत. जंतांची अंडी नखांखालीच अडकतात आणि पोरांच्या पोटात तिथूनच जातात. चावी साबणाच्या हातानंच बंद-चालू होत असेल तर शेवटी तिच्यावरही थोडं पाणी ओता. जंतुनाशक म्हणून विकला जाणारा महाग साबण लागत नाही, साधा चालतो. वडी जाळीदार डब्यात ठेवा, म्हणजे ती वितळून चिखल होत नाही. साबण संपलाच तर चुलीची राख चालेल, अंगणातली माती नको. सॅनिटायझर इथे कामाचं नाही. घाण लागलेल्या हातावर तो नुसता पसरतो.

एका सेटचं नाव सांगा म्हटलं तर आम्ही सेट सांगणार नाही, जुळणी सांगू. चांगली एबीएस गन, बोअरचं पाणी असेल तर रबरी बोंडांची. एसएस ३०४ वेष्टणाची सव्वा मीटर नळी. पाव फेऱ्याचा पितळी अँगल कॉक. आणि भिंतीला स्क्रूनं बसणारा हुक. चिकटपट्टीचा हुक ओल्या भिंतीवर चार महिनेही राहत नाही. हे सगळं सुटं घेतलं तर पितळी तयार सेटच्या आसपासच पैसे जातात, पण पुढे खराब होईल तेवढाच भाग बदलता येतो. नळी दर दोन वर्षांनी बदलावी, फुटायची वाट बघू नये. आणि बिल करताना अर्धा इंची रबरी वॉशर चार जास्तीचे मागून घ्या. पाच-दहा रुपयांचं काम. रविवारी संध्याकाळी नट ठिबकायला लागला आणि दुकानं बंद असली तर तोच वॉशर बदलून पाणी थांबतं.